उत्तरेच्या भिंतीलगतची सावली आणि बारमाही हिरवे राहणारे नेचे

पागोळी

नमस्कार. नेच्यांविषयी, म्हणजे आपण बोलताना ज्यांना फर्न म्हणतो त्यांच्याविषयी, बागकाम विभागात स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढत आहे.

विलेपार्ल्यात आमचे तळमजल्यावरचे घर आहे. इमारत जुनी, तीन मजली. तिची उत्तरेकडची भिंत आणि आवाराची कुंपणभिंत यांच्यामध्ये चार फूट रुंद आणि बावीस फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. या पट्टीवर सासूबाईंनी पंचवीस-तीस वर्षे मोगरा, तगर आणि जास्वंद जोपासली. देवाची फुले बाहेरून आणल्याचे मला आठवत नाही. चार वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या बैठ्या घरांच्या जागी उंच इमारत उभी राहिली आणि सकाळचे ऊन गेले. पश्चिमेला फणस होताच. मोगऱ्याला आधी फुले कमी येऊ लागली, मग नुसतीच पाने राहिली, आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण एवढा माजला की ती मुळापासून काढावी लागली. सासूबाई त्या पट्टीकडे जायच्याच बंद झाल्या. ती जागा पुन्हा हिरवी व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या ऑक्टोबरात बरेच वाचन करून, सावलीच्या बागेसाठी 'हार्डी' आणि 'एव्हरग्रीन' म्हणून शिफारस केलेले नेचे मी डोंगराळ भागातील एका रोपवाटिकेकडून मागवले. पॉलिस्टिकम आणि ड्रायोप्टेरिस या दोन प्रजातींची मिळून नऊ रोपे होती. जानेवारीपर्यंत ती उत्तम राहिली. फेब्रुवारीच्या अखेरीस पानांची टोके तपकिरी होऊ लागली. एप्रिलमध्ये कोवळी पाने जिलबीच्या वेढ्यासारखी वर आली, पण निम्मी उलगडून तशीच थांबली. त्यांतले एक मी रोज सकाळी पाहत असे, आणि नवव्या की दहाव्या दिवशी त्याचा देठ बोट लागताच खाली वाकला. मे संपेपर्यंत सात रोपे गेली. पाणी मी एकही दिवस चुकवले नव्हते.

माझे कुठे चुकले आणि मुंबईत बारा महिने हिरवे राहतील असे नेचे कोणते, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

कौलारू

पागोळी, तुमच्या निगराणीत काही चुकलेले नाही. 'हार्डी' या शब्दाने तुमची फसगत झाली आहे, आणि ती अनेकांची होते.

हा शब्द थंड देशांतल्या बागकामातून आलेला आहे. तिथे 'हार्डी' म्हणजे जमीन गोठली, वर बर्फ साचला, तरी मूळ जिवंत ठेवणारी वनस्पती. पॉलिस्टिकम आणि ड्रायोप्टेरिस यांच्या बहुतेक जाती समशीतोष्ण जंगलांतल्या किंवा उंच डोंगरांवरच्या आहेत. आपल्याकडे हिमालयात त्या विपुल आहेत. उत्तर अमेरिकेतला जो पॉलिस्टिकम नाताळातही हिरवा असतो, त्याला तिथे 'ख्रिसमस फर्न' असेच म्हणतात. बर्फातही हिरवे राहणे हा त्यांचा गुण खरा आहे, परंतु आपल्या शहरात त्या गुणाची परीक्षाच होत नाही. आपली परीक्षा वेगळी आहे. मे महिन्यात मुंबईत रात्रीचा पारासुद्धा २७ अंशांच्या आसपास असतो. दिवसा पानांनी तयार केलेले अन्न अशा उष्ण रात्री श्वसनातच खर्ची पडते आणि थंड प्रदेशातील झाडाला वाढीसाठी काही उरत नाही. तुमची पाने निम्मी उलगडून थांबली याचे कारण बहुधा हेच आहे. पाणी कितीही दिले तरी त्याला उपाय नाही.

म्हणून माझ्या मते मुंबईत काटक नेचा त्यालाच म्हणावे, जो फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून येणारे दुपारचे कोरडे वारे, मेचा उकाडा आणि जुलैतले पाण्याने गच्च झालेले मूळ, ही तिन्ही संकटे एकाच वर्षात सोसतो. आपल्याकडे वर्षाला २२०० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने नेच्याने आपल्या ओंजळभर पाण्यावर काढायचे असतात.

निवडीसाठी मी एकच कसोटी वापरतो. नेचे पाहायला ऑगस्टमध्ये जाऊ नये, मेमध्ये जावे. ऑगस्टमध्ये शहरातला प्रत्येक नेचा सुंदर दिसतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जुन्या सोसायट्यांची आवारे, भायखळ्याची राणीची बाग, माटुंग्याच्या आणि दादरच्या जुन्या घरांचे जिने पाहत फिरावे. त्या दिवसांत जो हिरवा दिसेल त्याचे नाव विचारून घ्यावे.

सह्यवाटा

कौलारू यांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण याच्या उलट दिशेची चूक मी स्वतः केलेली आहे. बाहेरचे नेचे टिकत नाहीत, तर मग सह्याद्रीतले लावू, असे मला वाटले होते.

पावसाळ्यात कर्नाळ्याला किंवा माथेरानला जाताना वाटेतल्या दरडी नेच्यांनी भरलेल्या असतात. त्यांतला सर्वांत ओळखीचा म्हणजे हंसराज: काळ्याभोर, केसासारख्या चकचकीत देठांवर अर्धचंद्राकृती पाने, आणि पानाचे शेंडे लांबत जाऊन मातीला टेकतात तिथे नवे रोप. पाण्याचा थेंब त्याच्या पानावर ठरत नाही, मोत्यासारखा घरंगळून जातो. परंतु हा रानातला हंसराज बारमाही हिरवा नसतो. पाऊस सरला की दिवाळीनंतर त्याची पाने वाळतात आणि खाली मूळ जूनची वाट पाहत पडून राहते. नेच्यांच्या कितीतरी स्थानिक जातींनी आठ महिन्यांच्या कोरड्या ऋतूवर हीच युक्ती योजलेली आहे. मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, त्याला विचारून, आणलेली हंसराजाची रोपे नोव्हेंबरमध्ये मेली असे समजून फेकून दिली, आणि पुढच्या जुलैत ज्या कोपऱ्यात ती माती ओतली होती तिथेच ती उगवून आली. कुंडी रिकामी दिसते म्हणून नेचा मेला असे धरू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

आणखी एक स्थानिक नेचा सांगण्यासारखा आहे: बाशिंग. आंब्याच्या किंवा जुन्या वडाच्या फांदीला मिठी मारून बसलेला हा नेचा मुंबईतही दिसतो. त्याला दोन प्रकारची पाने येतात. एक लांब, कातरलेले, हिरवे; दुसरे आखूड, रुंद, सुरुवातीला हिरवट आणि लवकरच तपकिरी होऊन फांदीला चिकटून राहणारे. ही तपकिरी पाने वाळलेली समजून अनेकजण ओढून काढतात. तसे कृपया करू नये. त्या पानांच्या खोबणीत पालापाचोळा साठतो, कुजतो, आणि तेच बाशिंगाचे खत आणि तीच त्याची ओल. उन्हाळ्यात त्याच्या हिरव्या पानांची पाती गळतात आणि मधल्या शिरा काड्यांसारख्या उभ्या राहतात. तो बारमाही जिवंत असतो, बारमाही हिरवा नसतो.

आणि कळकळीची विनंती: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून किंवा कोणत्याही अभयारण्यातून नेचा उपटून आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहेच. शिवाय दरडीवरच्या नेच्याची मुळे त्या दरडीची माती धरून ठेवत असतात.

पागोळी

दोघांचेही मनापासून आभार. उरलेली दोन रोपे मी एका स्नेह्यांच्या महाबळेश्वरच्या घरी पाठवत आहे. तिथे ती कदाचित जगतील.

एक गोष्ट मात्र मला अजूनही उमगत नाही. सात रोपांपैकी चार रोपांची पाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात अक्षरशः करपली, म्हणजे पानांच्या मधोमध कागदासारखे पांढुरके डाग पडले. उन्हाने पान भाजते तेव्हा असे होते. पण ही पट्टी तर उत्तरेच्या भिंतीलगत आहे. तिथे ऊन येण्याचा प्रश्नच नाही असे मी धरून चालले होते.

उत्तरायण

ऊन येते, आणि नेमके त्याच दिवसांत येते.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो: १५-१६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास. त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. उरलेले वर्षभर तुमची तीन मजली इमारत त्या चार फुटांच्या पट्टीवर सावली धरते, परंतु एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून माध्यान्हीची ती सावली आखडत भिंतीपर्यंत येते आणि साडेबाराच्या आगेमागे ऊन थेट मातीवर उतरते. जूनमध्ये ढग येतात म्हणून जाणवत नाही. मेमध्ये ढग नसतात. मोगऱ्याला त्या उन्हाने काहीच झाले नसते, उलट आनंदच झाला असता, आणि म्हणून इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही.

उपाय सोपा आहे. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी, जिला रोपवाटिकेत शेडनेट म्हणतात, ती २० एप्रिलच्या सुमारास दोन भिंतींमध्ये सात-आठ फुटांवर ताणून बांधावी आणि पावसाने जोर धरला की सोडवून ठेवावी. पावसाळ्यात तशीच ठेवल्यास फणसाची पाने साचून तिची झोळी होते आणि खाली अंधार होतो.

सावली पुरेशी आहे की जास्त, हे पाहण्यासाठी दुपारी दिवा न लावता तिथे बसून वर्तमानपत्र वाचून पाहावे. सहज वाचता आले तर नेचे वाढतील. डोळे ताणावे लागले तर ती जागा नेच्यांनाही काळोखीच आहे.

चाफेकळी

इमारतीच्या डक्टमध्ये, जिथे जेमतेम प्रकाश येतो, तिथे नेचे लावावेत का? आमच्याकडे दुसरी जागा नाही.

उत्तरायण

चाफेकळी, वर्तमानपत्र वाचता येत नसेल तर लावू नयेत. डक्टमध्ये नेचा मरायला चार-पाच महिने घेतो आणि तोवर तो जगला आहे असा आपला समज होतो. महिना-महिना आलटूनपालटून खिडकीत आणण्याची तयारी असेल, तर दोन कुंड्या घेऊन तसे करता येईल.

शेणामातीचे हात

मी तीस वर्षे दादरला एका सोसायटीच्या आवारातील बाग पाहत आहे; नोकरी म्हणून नव्हे, आवडीने. आता कोणते नेचे लावावेत आणि ते कशात लावावेत, यावर लिहितो. हे थोडे लांबेल.

तुमच्या पट्टीत पाया म्हणून नेफ्रोलेपिस लावावा. मुंबईतील निम्म्या जुन्या सोसायट्यांत जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीपाशी जो तलवारीसारख्या उभ्या, माशाच्या काट्यासारख्या पानांचा नेचा कोणी न लावता माजलेला असतो, तो नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. त्याला हलक्या हाताने उकरून पाहावे: मुळांना सुपारीपेक्षा लहान, केसाळ, गोल गाठी लागलेल्या दिसतील. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा कीड समजून सगळ्या तोडल्या होत्या. एक गाठ नखाने चिरली आणि आतून स्वच्छ पाणी बोटावर आले. उन्हाळा काढण्यासाठी त्याने साठवलेले ते पाणी आहे. कुंड्यांत विकला जाणारा, खाली लोंबणारा बॉस्टन फर्न हा याचाच भाऊबंद, नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाचा प्रकार. त्याला अशा गाठी येत नाहीत आणि म्हणून एक दिवस पाणी चुकले की तो लगेच पाने गाळतो. पट्टीसाठी गाठीवाला घ्यावा. त्याचा दोष एवढाच की तो धावत्या दोऱ्यांसारख्या खोडांनी सगळीकडे पसरतो. अमेरिकेतील फ्लोरिडात तर तो रानांत शिरून उपद्रवी ठरला आहे. म्हणून त्याच्याभोवती नऊ इंच खोल कडप्प्याच्या तुकड्यांची उभी कड बसवावी.

मागच्या बाजूला, भिंतीजवळ, ॲस्प्लेनियम निडस लावावा, ज्याला सगळे बर्ड्स नेस्ट फर्न म्हणतात. केळीच्या कोवळ्या पानासारखी अखंड, पोपटी पाने एका वाटीभोवती उभी राहतात. मुंबईच्या दमटपणात तो फार सुखी असतो. त्याची कोवळी पाने फुटत असताना त्यांना हात लावू नये, कारण बोटाचा दाब पडला तेथे पुढे तपकिरी डाग उमटतो आणि तो पानाबरोबर वर्षभर राहतो. तिसरा मायक्रोसोरम पंक्टेटम: चामड्यासारखी जाड, ताठ पाने, दिसायला जरा रुक्ष, पण मेमध्ये त्याचे एकही पान मान टाकत नाही. हे तीन बसले की पट्टी बारा महिने हिरवी राहील. नाजूक नेच्यांची हौस त्यानंतर करावी.

आता माती. मुंबईत पोत्याने मिळणारी लाल माती नेच्यांच्या मुळावर एकटी कधीही घालू नये. पहिल्या पावसात ती चिकट होते आणि ऑक्टोबरात विटेसारखी घट्ट होते, मग वरून दिलेले पाणी कडेने वाहून जाते आणि मूळ कोरडेच राहते. नेच्याची मुळे बारीक आणि उथळ असतात. रानात ती मातीत कमी आणि कुजलेल्या पानांत जास्त वाढतात. मी दोन घमेली कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत, एक घमेले लाल माती, एक घमेले नारळाच्या सोडणाचे बोटाएवढे तुकडे आणि अर्धे घमेले विटांचा चुरा व लोणारी कोळसा असे मिश्रण करतो. सोडण आठवडाभर पाण्यात भिजवून, ते तपकिरी पाणी दोन-तीनदा ओतून देऊन मगच वापरावे. शेणखत पूर्ण मुरलेले असेल तर मूठ-दोन मुठी पुरते. ताज्या खताने मुळे जळतात.

तुमच्याकडे फणस आहे, हे तुमचे भाग्य समजा. त्याची पाने जाड आणि चिवट असतात, म्हणून कुजायला वेळ लागतो. ती कोयत्याने बारीक करून कोपऱ्यात ढीग घालावा, पावसाळाभर भिजू द्यावा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात काळे, भुसभुशीत, मातीचा गोड वास येणारे खत मिळेल. पट्टीची पातळी बाजूच्या फरशीपेक्षा सहा इंच वर उचलावी. जुलैत एकट्या महिन्यात ७५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नेच्याला ओल आवडते, साचलेले पाणी आवडत नाही. रोप लावताना नेफ्रोलेपिस आणि ॲस्प्लेनियम या दोघांचाही गड्डा मातीत पुरू नये. नवे पान जिथून फुटते तो भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. बहुतेक घरांत नेचे याच एका चुकीने कुजतात.

लावणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. ऑक्टोबरात लावलेल्या रोपाला मुळे धरण्याआधीच कोरडी हवा गाठते.

चाफेकळी

ॲस्परॅगस फर्न चालेल का? रोपवाटिकेत तो फार काटक असल्याचे सांगितले.

सह्यवाटा

तो काटक आहेच, पण नेचा नाही. तो शतावरीच्या प्रजातीतला. त्याला फुले आणि फळे येतात. नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही. सावलीच्या कडेला, जिथे थोडे ऊन लागते तिथे लावायला मात्र उत्तम.

ओलेती भिंत

मी आज एक मूर्खपणा टळल्याची नोंद करण्यासाठी लिहीत आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी नेचा वाचेल. माझ्या नेफ्रोलेपिसच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसले. खवले कीड समजून मी तेलाचे फवारणीमिश्रण तयार केले होते. आईने भिंगातून पाहायला सांगितले. ठिपके प्रत्येक पर्णिकेच्या दोन्ही बाजूंना, मधल्या शिरेपासून सारख्याच अंतरावर, कोणी मोजून टिंबे द्यावीत तसे ओळीने होते. प्रत्येकावर मूत्रपिंडाच्या आकाराचे चिमुकले झाकण होते. ते बीजाणूंचे, म्हणजे नेचा बीऐवजी ज्यांपासून नव्याने उगवतो त्या बारीक कणांचे, पुंज होते!

शेणामातीचे हात

फार महत्त्वाचे लिहिलेत. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती देठावर, मधल्या शिरेवर, वेडीवाकडी चिकटते, नखाने खरवडली की सुटून येते, आणि तिच्यामागे चिकटपणा व मुंग्या असतात. खरी कीड असली तरी नेच्यावर तेलाची किंवा तीव्र कीटकनाशकांची फवारणी टाळावी, कारण त्याच्या पानाला ती सोसत नाही. जुन्या दातघासणीने साध्या पाण्यात घासून काढावी, जास्त झाली असेल तर ते पानच कापावे. नेफ्रोलेपिस वर्षातून एकदा, पहिल्या पावसानंतर, जमिनीपासून तीन बोटे ठेवून सगळा कापला तरी महिन्याभरात नवा होतो.

मोरीचा नळ

पाण्याविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही. आमच्या सोसायटीत पालिकेचे पाणी वाचवण्यासाठी बागेला बोअरवेलचे पाणी देऊ लागले. आमचा भाग समुद्राजवळचा आहे आणि ते पाणी मचूळ लागते. दोन महिन्यांत कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर चढला आणि नेच्यांची टोके जळाली, तर शेजारच्या क्रोटनला काहीही झाले नाही. पालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा पावसाच्या तलावांतून येते, त्यात क्षार कमी असतात. आम्ही आता तांदूळ आणि डाळी धुतलेले बिनमिठाचे पाणी गाळून नेच्यांना देतो आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवतो. त्या पिंपाला वरून बारीक जाळी घट्ट बांधलेली असावी, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याच कारणाने दमटपणासाठी कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवू नये. ताटलीत ओली जाड वाळू भरून त्यावर कुंडी ठेवावी.

पागोळी

सर्वांचे वाचून वहीत उतरवून घेतले आहे. पट्टी उकरायला काढली आहे. माती खणताना सासूबाईंच्या मोगऱ्याचे एक खोड अजून जिवंत निघाले. ते गच्चीवर ऊन लागेल तिथे कुंडीत लावले.

पागोळी

सव्वा वर्षाने परत लिहीत आहे, कारण निकाल सांगितल्याशिवाय हा धागा अर्धवट राहिला असता.

गेल्या वर्षी २२ जूनला गाठीवाल्या नेफ्रोलेपिसची बारा रोपे, ॲस्प्लेनियमची तीन आणि मायक्रोसोरमची चार लावली. पहिल्या पावसाळ्यात सर्वांत मोठा शत्रू निघाल्या त्या आफ्रिकी गोगलगायी. त्यांनी ॲस्प्लेनियमची कोवळी पाने एका रात्रीत कातरली. मी आणि धाकटा मुलगा रोज रात्री नऊ वाजता विजेरी घेऊन, हातमोजे घालून त्या वेचत असू आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत असू. मीठ मातीवर मात्र कधी टाकले नाही. जुलैअखेर त्यांची संख्या हाताच्या बोटांवर आली. ॲस्प्लेनियमचे एक रोप ऑगस्टमध्ये गड्ड्यात पाणी साचून कुजले, कारण ते मी दोन बोटे खोल लावले होते. सांगूनही चूक झाली, याचे वाईट वाटते.

मार्चमध्ये कोरडे वारे सुटले तेव्हा पाणी वाढवण्याऐवजी फणसाच्या पानांचा तीन इंच थर मुळांवर पसरला, त्याचा फार उपयोग झाला. २० एप्रिलला जाळी बांधली. १६ मेच्या दुपारी साडेबारा वाजता मुद्दाम पट्टीवर जाऊन उभी राहिले: कुंपणाच्या खांबाची सावली खांबाच्या पायातच होती, आणि जाळीखाली सगळे नेचे हिरवे होते. एकाही पानावर पांढरा डाग नव्हता.

न लावता आलेला एक पाहुणाही आहे. जुन्या कुंपणभिंतीच्या चुन्याच्या भेगेतून लांब, अरुंद पात्यांचा एक नेचा जानेवारीत उगवला. छायाचित्र सोबत दिले आहे. तो काढू की ठेवू?

कौलारू

छायाचित्रावरून हा टेरिस व्हिटाटा आहे. त्याला चुना फार आवडतो, म्हणून मुंबईतल्या जुन्या भिंती, गटारांच्या कडा आणि पुलांचे दगड हे त्याचे घर. मातीतले आर्सेनिक हा नेचा मोठ्या प्रमाणात शोषून पानांत साठवतो, हे २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यामुळे त्याची पाने भाज्यांच्या खतात घालू नयेत. भिंत इमारतीची असती तर भेग रुंदावण्याआधी काढा म्हटले असते. कुंपणाची आहे आणि भेग फार खोल दिसत नाही, तर राहू द्या.

पागोळी

राहू दिला आहे. सासूबाई रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन तिथे बसतात, आणि त्यांनी त्याला पाणी घालायला सुरुवात केली आहे.

नेफ्रोलेपिस कडप्प्याच्या कडेवरून बाहेर डोकावू लागला आहे, म्हणून येत्या रविवारी त्याची विरळणी करणार आहे. गाठींसह पंधरा-वीस रोपे निघतील. ज्यांना हवी असतील त्यांनी मंगळवारपर्यंत व्यक्तिगत निरोप करावा. रोपे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवीन. तीन-चार दिवस ती सहज तग धरतात.

ओलेती भिंत

मला चार हवीत. निरोप केला आहे. येताना कुजवलेल्या पानांच्या खताची एक पिशवी आणीन.

चाफेकळी

मलाही दोन. डक्टमध्ये नाही, आता जिन्याच्या खिडकीत ठेवणार आहे. तिथे वर्तमानपत्र वाचून पाहिले.